जिंकलेला मुलूख परत का दिला? 1972 ची माघार आणि तिच्यानंतरचं बरंच काही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी 16 डिसेंबर आला की 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या ढाक्याच्या शरणागतीचा फोटो फिरतो आणि मागोमाग ठरलेला वाद सुरू होतो. पश्चिमेला एवढी जमीन घेतली होती, ती 1972 च्या सिमला करारात पाकिस्तानला देऊन का टाकली? या वादात हाजीपीर, 93 हजार युद्धकैदी, तुर्तुक, सियाचिन असं सगळं एकत्र कालवलं जातं. ज्या लोकांच्या गावावरून सैन्य दोनदा गेलं, एकदा येताना आणि एकदा परतताना, त्यांचं नाव मात्र क्वचितच निघतं. म्हणून इथे जमिनीइतकीच जागा माणसांना दिली आहे.

भारताने नेमकी किती जमीन घेतली होती?

पश्चिम आघाडीवर 17 डिसेंबर 1971 च्या रात्री आठ वाजता युद्धविराम झाला. त्या वेळी भारताच्या ताब्यात सुमारे 5,139 चौरस मैल, म्हणजे 13,000 चौ. किमी.च्या पुढे प्रदेश होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून साधारण एवढेच भरतात.

यातला बहुतेक भाग सिंधमधल्या थारपारकरचा होता : छाछरो, नगरपारकर, वीरावाह, गडरा सिटी आणि मधला सगळा वाळूचा मुलूख. (थारपारकर हे नाव आपल्याकडच्या दूधवाल्या शेतकऱ्यांना गायीमुळे माहीत असतं. ती पांढरी, काटक गाय तिथलीच.) त्याखेरीज पंजाबात शकरगढचा फुगवटा (भारताच्या बाजूला घुसलेलं सीमेचं टोक), अखनूरच्या खाली चिनाबच्या काठचा ‘चिकन्स नेक’ (हा सिलिगुडीचा नव्हे, नाव तेवढं सारखं), कच्छच्या रणातला छाड बेट आणि जम्मू-काश्मीरमधल्या काही चौक्या व खोरी.

पाकिस्तानच्या हाती त्या मानाने फार थोडं लागलं : जम्मूतला छांब, फिरोजपूरजवळचा हुसैनीवाला आणि इकडचे-तिकडचे काही तुकडे.

वाळवंटात एवढं आत कसं शिरता आलं?

ही आघाडी दक्षिण कमांडची, म्हणजे मुख्यालय आपल्या पुण्यात. कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर होते. माणेकशांनंतर जानेवारी 1973 मध्ये तेच लष्करप्रमुख झाले. जैसलमेरकडे लोंगेवालाची लढाई झाली, ती सगळ्यांना ठाऊक आहे. जमीन मात्र मिळाली ती खाली बाडमेरच्या बाजूला.

तिथे 11 व्या डिव्हिजनने मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्गाच्या कडेने मुसंडी मारली आणि नया छोरच्या अलीकडे, परबत अलीच्या टेकाडापर्यंत मजल गेली. दक्षिणेला 10 पॅराच्या कमांडोंनी जीपगाड्यांतून रात्रीच्या धाडी घातल्या. त्यांचे कमांडिंग ऑफिसर होते जयपूरचे महाराजा लेफ्टनंट कर्नल भवानीसिंह. छाछरो हे सरहद्दीपासून सुमारे 70 किमी आत असलेलं तालुक्याचं गाव 7 डिसेंबरच्या रात्रीच्या धाडीत पडलं आणि पुढे नगरपारकरही हाती आलं. या कामगिरीबद्दल भवानीसिंहांना महावीरचक्र मिळालं.

पुढे सरकणं थांबलं त्याला वाळू, पाणी आणि रसद ही कारणं होती. रेल्वेच्या टेरिटोरियल आर्मीने रूळ जोडून गाड्या पलीकडे नेल्या, पण रूळ सोडले की ट्रक वाळूत रुतत. पाकिस्ताननेही नया छोरला जादा फौज आणली होती. तेवढ्यात युद्धविराम झाला. उमरकोट, जिथे 1542 मध्ये अकबराचा जन्म झाला, ते भारताच्या हाती आलंच नव्हतं. थारपारकरमधलं मिठी गावही नाही. नकाशावर अख्खा थारपारकर तिरंग्यात रंगवलेला दिसला तर तो अतिउत्साही हाताने रंगवलेला समजावा.

मग वर्षभर तिथे कारभार कोणाचा होता?

लष्कराचा ताबा आणि त्याच्या जोडीला राजस्थानातून नेमलेले मुलकी अधिकारी. धान्य, पाणी, औषधं, कायदा-सुव्यवस्था, सगळं भारताच्या बाजूने चालायचं. लोक बाडमेरला ये-जा करू लागले. नात्यागोत्याची माणसं 1965 पासून एकमेकांना भेटली नव्हती, ती भेटली.

कायद्याने मात्र हा ‘व्याप्त प्रदेश’ होता. व्याप्त प्रदेशावर कब्जा करणाऱ्याची मालकी लागत नाही. 1949 च्या जिनिव्हा करारांवर दोन्ही देशांच्या सह्या आहेत, आणि भारताने हा भाग सामील करून घेतल्याची घोषणा कधी केली नाही. तरीही छाछरोतल्या सामान्य माणसाला ‘आता आपण इकडचेच’ असं वाटायला बारा महिने पुरेसे होते. पुढची सगळी गुंतागुंत इथे सुरू होते.

सिमला करारात जमिनीबद्दल काय लिहिलं आहे?

करार 2 जुलै 1972 च्या तारखेचा आहे. प्रत्यक्ष सह्या मध्यरात्र उलटून गेल्यावर झाल्या. जमिनीचा मामला चौथ्या कलमात आहे आणि त्याचे दोन भाग नीट वेगळे वाचायला हवेत.

पहिला भाग : दोन्ही सैन्यं आंतरराष्ट्रीय सीमेच्या आपापल्या बाजूला परत जातील. म्हणजे थार, कच्छ, पंजाब इथली सगळी जमीन परत.

दुसरा भाग : जम्मू-काश्मीरमध्ये 17 डिसेंबर 1971 च्या युद्धविरामातून जी ताबारेषा (आजची एलओसी) तयार झाली, ती दोघेही पाळतील, दोघांच्याही मूळ भूमिकेला बाध न आणता. म्हणजे तिथे ज्याच्या हाती जे आलं, ते त्याच्याकडे राहील.

‘सगळं परत दिलं’ म्हणणारे फक्त पहिला भाग सांगतात. खरं तर कराराचा जीव दुसऱ्या भागात आहे. 1949 ची युद्धविराम रेषा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीतली होती. तिच्या जागी दोन देशांनी आपसात ठरवलेली नवी रेषा आली आणि भारताला तेच हवं होतं.

पण वाळवंट हातात होतं, 93 हजार कैदी हातात होते. त्या बदल्यात काश्मीरचा कायमचा निकाल का लावून घेतला नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

कैद्यांचं आधी बघू. ढाक्यात शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त कमांडपुढे झाली होती. त्यामुळे बांगलादेशाला डावलून कैद्यांचा सौदा करणं भारताला शक्य नव्हतं, आणि पाकिस्तानने तेव्हा बांगलादेशाला मान्यताच दिली नव्हती. कैदी सिमल्यात सुटलेच नाहीत. त्यांचा करार दिल्लीत 28 ऑगस्ट 1973 ला झाला, आणि शेवटचे कैदी परतले ते एप्रिल 1974 मध्ये. ‘सिमल्यात इंदिरा गांधींनी जमीन आणि कैदी एका दमात सोडले’ हे वाक्य कितीही वेळा ऐकलं तरी चुकीचंच आहे.

आता जमीन. थार भारताने ठेवून घेतला असता तर काय झालं असतं? भारताने आयुष्यभर ज्या तत्त्वावर काश्मीरची बाजू मांडली, की बळाने घेतलेल्या जमिनीवर हक्क लागत नाही, तेच मोडलं असतं. शिवाय नया छोरपुढे पाण्याविना फौज कायम बसवायचा खर्च. पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष भुट्टो यांनाही हे कळत होतं. ओसाड जमीन भारताला जड होईल आणि कैद्यांसाठी जगाचा दबाव वाढेल, हा त्यांचा हिशेब होता. म्हणून कैद्यांपेक्षा आधी जमीन मागायची, हे ते ठरवूनच आले होते.

ताबारेषेलाच पुढे सीमा मानू, असं भुट्टोंनी खासगीत इंदिराजींना सांगितलं होतं, असं इंदिराजींचे तेव्हाचे सचिव पी. एन. धर यांनी नंतर लिहिलं. पाकिस्तानने ते कधीच कबूल केलेलं नाही. माझं मत विचाराल तर लेखी न घेतलेला शब्द वाटाघाटीत धरायचा नसतो. भारताची चूक शोधायची असेल तर ती इथे आहे, वाळवंट परत देण्यात नाही.

ताश्कंद आणि सिमला, दोन्हीकडे एकच झालं ना?

नाही. 1965 च्या युद्धानंतर ताश्कंद करारात (10 जानेवारी 1966) दोन्ही सैन्यांनी 5 ऑगस्ट 1965 च्या जागी परतायचं ठरलं, आणि त्याला काश्मीरही अपवाद नव्हता. 28 ऑगस्ट 1965 ला रणजितसिंह दयाल यांच्या तुकडीने घेतलेली हाजीपीर खिंड म्हणूनच सोडावी लागली. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि शास्त्रीजींबरोबर ताश्कंदला होते. 25 फेब्रुवारी 1966 पर्यंत माघार पुरी झाली. महावीर त्यागी यांनी याच मुद्द्यावर मंत्रिपद सोडलं.

कारगिलजवळच्या पॉइंट 13620 ची कहाणी तर अजब आहे. हे शिखर 1965 च्या मे महिन्यात घेतलं आणि सोडलं, ऑगस्टमध्ये पुन्हा घेतलं आणि ताश्कंदनंतर पुन्हा सोडलं, 1971 मध्ये तिसऱ्यांदा घेतलं. श्रीनगर-लेह रस्ता तिथून डोळ्यांखाली असतो. सिमल्यात काश्मीरपुरता ‘जैसे थे’चा आग्रह धरला गेला, त्यामागे हाच अनुभव होता. शिखर या वेळी भारताकडेच राहिलं.

तीस दिवसांत माघार व्हायची होती. मग डिसेंबर का उजाडला?

करार 4 ऑगस्ट 1972 पासून अमलात आला आणि माघार तीस दिवसांत पुरी व्हायची होती. पण भारताचं म्हणणं असं की आधी काश्मीरमधली ताबारेषा कागदावर आखून सह्या करा, मग आम्ही थार आणि शकरगढ सोडू. या क्रमावर भारत अडून बसला आणि ते शहाणपणाचं ठरलं.

जम्मू-सियालकोट रस्त्यावरच्या सुचेतगढला बैठका बसल्या. भारताकडून लेफ्टनंट जनरल प्रेमसिंह भगत, पाकिस्तानकडून लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान. चिनाबपासून वर हिमनद्यांच्या पायथ्यापर्यंत सुमारे 740 किमीची रेषा. ओढा कुणाकडे, धार कुणाकडे, चौकी धारेच्या अलीकडे की पलीकडे, एकेका टेकडीवर दिवस जात.

आणि शेवटी गाडी अडली ती ठाको चक नावाच्या इवल्याशा गावावर. गाव जम्मूतलं, क्षेत्र जेमतेम दीड चौरस मैल, ताबा पाकिस्तानचा. पाकिस्तान म्हणे, हा जम्मू-काश्मीरचा भाग, म्हणजे ताबारेषेचा नियम, म्हणजे आमच्याकडे राहणार. भारत म्हणे, इथली हद्द आंतरराष्ट्रीय सीमा आहे, तेव्हा सोडा. दीड चौरस मैलांसाठी तेरा हजार चौरस किलोमीटरची माघार तीन महिने लटकली. हा हट्ट नुसता गावासाठी नव्हता. ठाको चकला ताबारेषेचा नियम लागला असता तर जम्मूपासून खालची सगळी हद्दच वादात पडली असती.

अखेर माणेकशा लाहोरला गेले आणि पाकिस्तानचे लष्करप्रमुख टिक्का खान यांच्यासमोर बसून 7 डिसेंबरला तोडगा निघाला. ठाको चक भारताला परत मिळालं, आणि भारतानेही दुसरीकडे छोट्या जागा सोडल्या. 11 डिसेंबरला सुचेतगढला 19 नकाशांच्या संचावर सह्या झाल्या आणि 20 डिसेंबरच्या सुमारास माघार पुरी झाली.

माघार म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

आधी आपण पेरलेले सुरुंग काढतात, निदान त्यांचे नकाशे समोरच्याला देतात. मोर्च्यांतले ओंडके, पत्रे, तारा उचलतात, आणि मग ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी दोन्ही बाजूंचे अधिकारी भेटून एकेक भाग हवाली करतात. वाळवंटात एक जादा अडचण असते : सुरुंग वाळूबरोबर सरकतो.

तुर्तुक भारतात आलं ते याच युद्धात ना?

हो. तुर्तुक, त्याक्शी, चालुंका आणि थांग ही श्योक खोऱ्यातली चार बाल्टी गावं. डिसेंबर 1971 मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या लडाख स्काउट्सनी ती घेतली. रिंचेन स्वतः नुब्राचे, आणि या मोहिमेत त्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं. गावं ताबारेषेच्या नियमात बसत होती, म्हणून भारताकडे राहिली.

2010 मध्ये पर्यटकांसाठी तुर्तुक उघडलं आणि आता लेह-लडाखच्या मराठी सहलींत ते असतंच. जर्दाळू खाऊन, फोटो काढून मंडळी परततात. ज्या घरात आपण बटरचा चहा प्यायलो त्या घरातला एखादा भाऊ गाव भारताच्या हाती आलं त्या रात्री नदीच्या खालच्या अंगाला कामाला गेला होता आणि तिकडेच राहिला, ही गोष्ट मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. थांगच्या टोकावरून पलीकडचं गाव दिसतं. तिथल्या नातेवाइकांना भेटायचं तर 2025 पर्यंत पासपोर्ट, व्हिसा, दिल्ली, वाघा असा हजारो किलोमीटरचा वळसा होता.

छांबचं याच्या उलट. ते पाकिस्तानकडे राहिलं आणि तिथले हजारो लोक जम्मूच्या छावण्यांत आले. ‘जिंकलेलं परत दिलं’ असं म्हणताना आपलं गेलेलं छांब कुणाला आठवत नाही.

हुसैनीवाला पाकिस्तानकडे गेला होता?

वर्षभर. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्यावर जिथे अंत्यसंस्कार झाले ती सतलजकाठची जागा फाळणीत पाकिस्तानात गेली होती. 1961 मध्ये भारताने सुलेमानकी धरणाजवळची गावं देऊन ती मिळवली. 1971 मध्ये पुन्हा पाकिस्तानच्या ताब्यात गेली आणि स्मारकाची नासधूस झाली. माघारीनंतर 1973 मध्ये ते नव्याने उभं राहिलं. म्हणजे आपल्या खेडच्या राजगुरूंची समाधी आज भारतात आहे ती सिमला करारातल्या त्याच पहिल्या भागामुळे, ज्याच्या नावाने बोटं मोडली जातात.

थारमधले लोक घर सोडून भारतात का आले?

भीतीमुळे. पण त्या भीतीचे पदर समजून घ्यायला हवेत.

फाळणीत पंजाब आणि सिंधच्या शहरांतून हिंदू निघून गेले, आपल्याकडचं उल्हासनगर त्यातूनच वसलं. थारपारकरमधले बहुसंख्य हिंदू मात्र जागचे हलले नव्हते. सोढा राजपूत, मेघवाळ, भील, कोळी, माहेश्वरी, ब्राह्मण, सगळे आपापल्या ढाण्यांत (वाळवंटातल्या वाड्या-वस्त्यांत) राहिले. वाळवंटात हद्द दिसत नव्हती. गडरा गाव पाकिस्तानात गेलं (गडरा सिटी) आणि त्याचं रेल्वेस्टेशन भारतात राहिलं (गडरा रोड), तरी लोक बाजाराला आणि लग्नांना जात-येत होते. 1965 नंतर ते बंद झालं आणि संशय वाढला.

1971 मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा अनेकांनी स्वागत केलं, वाटा दाखवल्या, पाणी दिलं. लढाई चालू असतानाच कित्येक कुटुंबं बाडमेरकडे निघाली. जी मागे थांबली ती थांबली या समजुतीने, की आता सैन्य काही जात नाही. जुलै 1972 मध्ये सिमल्याची बातमी आली आणि प्रश्न उभा राहिला : सैन्य निघून गेल्यावर, ज्यांनी स्वागत केलं त्यांचं काय?

हा प्रश्न सिमल्याच्या टेबलावर नव्हता. करारात सैन्याच्या परतीचं कलम आहे, युद्धकैद्यांसाठी पुढच्या भेटीचा उल्लेख आहे, पण व्याप्त प्रदेशातल्या नागरिकांच्या सुरक्षेबद्दल एक ओळ नाही. कोणी सूड उगवणार नाही, घरं-जमिनी सुरक्षित राहतील, जाणाऱ्याला वेळ मिळेल, एवढं तरी लिहून घेता आलं असतं. तेरा हजार चौरस किलोमीटर परत देताना हे मागायला काही खर्च नव्हता.

मग माघारीच्या आधीच्या महिन्यांत उंटांवर, बैलगाड्यांत, पायी, गुरं हाकत हजारो माणसं राजस्थान आणि गुजरातमध्ये आली. विहिरी आणि शेतं मागे राहिली.

पाकिस्तानने त्यांना परत बोलावलं नाही?

आवाहन केलं. काही परतलेही. पण बहुतेक जण छावण्यांतच थांबले. ज्यांना शेजाऱ्यांची भीती होती त्यांना इस्लामाबादच्या आश्वासनाने काय धीर येणार?

इकडे आल्यावर त्यांना लगेच नागरिकत्व मिळालं?

नाही. पहिली काही वर्षं ‘विस्थापित’ म्हणून छावणीत, सरकारी शिध्यावर. नागरिकत्व मिळायला सत्तरचं दशक संपत आलं. काहींना राजस्थान कालव्याच्या पट्ट्यात जमिनी मिळाल्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसावरची बाजरी आणि गुरं एवढंच केलं होतं, त्यांना पाटपाण्याची शेती शिकावी लागली. मेघवाळ-भिलांना चांगल्या जमिनी कमी आणि उशिरा मिळाल्या, ही तक्रारही तेव्हापासूनची.

कच्छमध्ये भुजजवळ ‘झुरा कॅम्प’ नावाचं गाव आहे. छावणी उठून काळ लोटला, नावातला कॅम्प राहिला. तिथे आणि सुमरासरला थारपारकरच्या बायका ‘सूफ’ भरतकाम करतात. कापडावर नक्षी आखत नाहीत. उभे-आडवे धागे मोजायचे आणि कापडाच्या उलट्या बाजूने टाका घालायचा, म्हणजे सुलट बाजूला त्रिकोणांचे मोर आणि डोंगर उमटतात. एक धागा चुकला की पुढची ओळ हलते. पूर्वी हे मुलींच्या लग्नातल्या रुखवतासाठी होतं. छावणीत पैसे मिळवायचं साधन झालं, आणि आज पुण्या-मुंबईच्या हस्तकला प्रदर्शनांत कच्छी काम म्हणून जे आपण घेतो, त्यातलं काही या बायांच्या हातचं असतं. दुकानदाराला ‘सूफ आहे का’ विचारून बघा.

तिकडे राहिलेल्यांचं काय झालं?

थारमधल्या अनेक मुसलमान कुटुंबांनीही डिसेंबर 1971 मध्ये घर सोडून सिंधच्या आतल्या भागात धाव घेतली होती. माघारीनंतर ती परतली. शकरगढच्या शेकडो गावांतही असंच : लोक वर्षभर परागंदा, परत आले तर शेतात सुरुंग आणि घरांचे नुसते चौथरे. व्याप्त प्रदेशाची किंमत त्यांनीही मोजली, आणि हे मराठीत फारसं लिहिलं जात नाही म्हणून इथे नोंदवतो.

सगळे हिंदूही निघाले नाहीत. उमरकोटचे राणा चंद्रसिंह पाकिस्तानातच राहिले, भुट्टोंच्या पक्षात होते, मंत्रीही झाले. उमरकोट जिल्ह्यात आजही हिंदू बहुसंख्य आहेत.

दोन्हीकडच्या नातेवाइकांचा संबंध तुटला का?

तुटू दिला नाही, पण फार महाग पडला. सोढा राजपुतांना आपल्याच कुळात लग्न चालत नाही आणि थारमध्ये राजपूत म्हणजे बहुतेक सोढाच. म्हणून सोयरीक राजस्थान-गुजरातशी करावीच लागते. रेल्वे 1965 पासून बंद. चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी 2006 मध्ये, जोधपूर-कराची थार एक्स्प्रेस मुनाबाव-खोखरापार मार्गे सुरू झाली. आठवड्याला एक फेरी. डब्यांत लग्नाचे कपडे, औषधं, म्हाताऱ्या आत्या-मावश्या. ऑगस्ट 2019 मध्ये गाडी बंद पडली. त्याच वर्षी लग्न करून आलेल्या बाडमेर-जैसलमेरच्या काही नवरदेवांना बायकोच्या व्हिसासाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागलं.

भारतात माघारीला विरोध झाला नव्हता?

झाला होता. जनसंघाने सिमला कराराविरुद्ध आंदोलन केलं आणि त्यात वाजपेयी पुढे होते. त्याआधी 1968 मध्ये कच्छच्या रणाचा सुमारे दहावा हिस्सा लवादाने पाकिस्तानला दिला, तेव्हा कच्छ सत्याग्रहात जनसंघ आणि समाजवादी दोघेही उतरले होते. आपले मधू लिमये त्यात होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सीमावादाचा निवाडा मानणं म्हणजे भूमी देऊन टाकणं नव्हे, त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, असं न्यायालयाने 1969 मध्ये सांगितलं. गंमत अशी की याच निवाड्यात पाकिस्तानला मिळालेला छाड बेट 1971 मध्ये आपण घेतला आणि 1972 मध्ये परत दिला.

सियाचिनचा याच्याशी काय संबंध?

सुचेतगढच्या नकाशांवरची रेषा एनजे 9842 या बिंदूवर थांबते. पुढे नुसता बर्फ, तिथे कोण जाणार, असं दोघांनाही वाटलं. बारा वर्षांनी, 13 एप्रिल 1984 ला, भारतीय सैन्य तिथल्या सियाचिन हिमनदीवर गेलं. ठाको चकच्या दीड चौरस मैलांवर तीन महिने भांडलेले लोक वरची अख्खी हिमनदी मोकळी सोडून उठले होते.

यातल्या कुठल्या जागा आज पाहता येतात?

तुर्तुकला मे ते सप्टेंबर जावं. परवान्याचे नियम बदलत असतात, म्हणून लेहमध्ये आधी चौकशी करावी. शक्य असेल तर गावात मुक्काम करा, दुपारच्या दोन तासांत काही कळत नाही. हुसैनीवाला फिरोजपूरहून जवळ आहे, संध्याकाळी झेंडा उतरवण्याचा कार्यक्रम असतो आणि वाघ्यापेक्षा गर्दी खूप कमी. सुचेतगढला जम्मूहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. मुनाबाव हे भारतातलं शेवटचं स्टेशन, वाटेत गडरा रोड लागतं. पुढे सरहद्दीकडे जायला परवानगी लागते, आणि मे-जूनमध्ये तिकडे जाऊ नये हे सांगायला नकोच. छाछरो, नगरपारकर, तिथली जुनी जैन मंदिरं आणि कारुंझरचे तांबूस डोंगर पाहायचे तर पाकिस्तानचा व्हिसा हवा, आणि तो मिळाला तरी सरहद्दीच्या भागासाठी वेगळी परवानगी.